नाव सांगा, बाई!

धुणी-भांडी उरकून, जरा पाय लांब करून रेडिओ लावला असेल, तर आज एक जुनी गोष्ट ऐका. गोष्ट मुंबईची आहे, पण ती आपल्या गावापर्यंत येते.

मागे एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी चालू होती. नव्याने आलेल्या एका आजींना अध्यक्षताईंनी विचारलं, "आजी, नाव काय लिहू?" आजी म्हणाल्या, "लिही की, थोरल्या घरची म्हातारी. गावात सगळ्यांना माहीत हाय." सगळ्या हसल्या. आजीही हसल्या. मग थोडं थांबून हळूच स्वतःचं नाव सांगितलं. शेजारी बसलेली त्यांची नातसून म्हणाली, "अय्या, मला तर ठाऊकच नव्हतं!"

नवऱ्याचं नाव घ्यायचं तर आपल्याकडे उखाणा लागतो. पण स्वतःचं नाव? लग्नात ते बदलतं, पोर झालं की 'अमक्याची आई' होतं, आणि म्हातारपणी तर कुणी विचारतही नाही. आजची गोष्ट या नावाचीच आहे. आपल्या देशात पहिली मोकळी निवडणूक झाली, सगळ्या बाया-माणसांना मत मिळालं, तेव्हा सरकारचा माणूस दारात येऊन पहिल्यांदा हेच विचारत होता, "नाव सांगा, बाई!"

आधी त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणू. दादर स्टेशनला उतरून दक्षिणेकडे चालत निघालं की परळ लागतं, मग लालबाग, पुढे भायखळा, आणि तिथून समुद्राच्या अंगाला गिरगाव. परळ-लालबागचा भाग म्हणजे गिरणगाव. कापडाच्या गिरण्या, त्यांची उंच धुराडी, पहाटे वाजणारे भोंगे. गिरण्यांच्या आजूबाजूला चाळी, आणि चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसं. ही माणसं कुठली? आपलीच. कोकणातली, साताऱ्याची, कोल्हापूरची, नगरची. शेतात भागेना म्हणून मुंबईला गेलेली. पुरुष मागावर, बायका नळ्या भरायच्या नाहीतर रिळाच्या खात्यात. काही बायका खाणावळ चालवायच्या आणि एकट्या राहणाऱ्या गड्यांना दोन वेळचं जेवण घालायच्या. गावाकडे मनीऑर्डर जायची ती याच कमाईतून.

१९३९ साली जगात मोठं युद्ध पेटलं. ते युद्ध युरोपात आणि पूर्वेकडे चाललं होतं, पण त्याची झळ चुलीपर्यंत आली. धान्य महागलं, मिळेनासं झालं. १९४३ साली मुंबईत रेशन सुरू झालं. तांदळासाठी, रॉकेलसाठी बायका रांगेत उभ्या राहू लागल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, हजारोंची घरं गेली. त्या जहाजाचं नाव फोर्ट स्टिकीन. गिरगावातल्या म्हाताऱ्या माणसांना तो आवाज मरेपर्यंत आठवायचा.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, पण शांतता लगेच आली नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात आरमारातल्या हिंदी खलाशांनी बंड केलं. त्यांना पाठिंबा म्हणून गिरणगाव रस्त्यावर आलं. इंग्रज सरकारने गोळीबार केला. दोन-तीन दिवसांत दोनशेहून जास्त माणसं मेली. परळमध्ये २२ फेब्रुवारीला झालेल्या गोळीबारात कमल दोंदे नावाची एक कार्यकर्ती ठार झाली. ती परळ महिला संघाची. तिच्याबरोबरच्या कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. परळ महिला संघ म्हणजे चाळीतल्या बायकांची संघटना. रेशनच्या धान्यासाठी, रॉकेलसाठी भांडणारी. आज आपले गट असतात तसाच, पण त्या काळी बायकांनी असं एकत्र बसणंसुद्धा मोठं होतं.

आता गंमत पहा. त्याच १९४६ साली आपल्याकडे निवडणुका चालल्या होत्या. प्रांताच्या विधिमंडळासाठी मतदान झालं. पण मत कुणाला होतं? ज्याच्याकडे जमीन-जुमला, जो ठरावीक कर भरतो, जो शिकलेला, त्याला. बाईला मत हवं तर तिच्या नावावर मालमत्ता हवी, नाहीतर तिला लिहिता-वाचता यायला हवं, नाहीतर ती पैसेवाल्याची बायको किंवा विधवा हवी. शिवाय धर्माप्रमाणे मतदारसंघ वेगळे. म्हणजे रस्त्यावर गोळी खायला परळची बाई चालली, पण तिच्या चाळीतल्या बहुतेक बायांना मत नव्हतं. खोली भाड्याची, अक्षर ओळख नाही, नवरा मागावरचा कामगार. ती यादीत बसतच नव्हती.

१९४७ साली स्वातंत्र्य आलं. त्याबरोबर फाळणी आली. लाखो लोक घरदार सोडून इकडून तिकडे गेले. सिंधमधून आलेली कुटुंबं मुंबईच्या आसपासच्या छावण्यांत राहिली. असा रक्ताळलेला, उपाशी देश. आणि अशा देशाने ठरवलं की एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक माणसाला मत द्यायचं. बाई असो की बाप्या, श्रीमंत असो की गरीब, शिकलेला असो की अंगठेबहाद्दर, जात कुठलीही असो. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली, आणि तिच्या ३२६ व्या कलमात हे लिहिलं गेलं. पुढे १९८९ साली एकवीसचं अठरा झालं.

हे किती मोठं होतं हे कळायला बाहेर बघू. फ्रान्समधल्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं ते युद्ध संपताना, १९४५ मध्ये. इटलीच्या आणि जपानच्या बायकांनी देशाच्या निवडणुकीत पहिलं मत दिलं ते युद्धानंतर, १९४६ मध्ये. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडलं. बऱ्याच देशांत आधी पैसेवाल्या पुरुषांना, मग सगळ्या पुरुषांना, आणि शेवटी बायकांना असं टप्प्याटप्प्याने मत मिळालं. आपल्याकडे सगळ्यांना एकदम मिळालं. आपण त्यासाठी भांडलो नाही असं मात्र कुणी म्हणू नये. मुंबई इलाख्यातल्या बायकांनी १९१७-१८ पासून मताची मागणी लावून धरली होती. १९२१ साली मुंबईच्या कायदेमंडळाने मूठभर बायकांना का होईना, ते दिलं होतं.

निवडणूक घ्यायची जबाबदारी आली सुकुमार सेन यांच्यावर. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्यापुढे काम काय होतं, ऐका. मतदार सतरा कोटींहून जास्त. त्यांतल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरोघरी जाऊन प्रत्येकाचं नाव लिहायचं. याद्या टाइप करायला साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांसाठी नेमले गेले. लोकांना मत कसं द्यायचं हे कळावं म्हणून माहितीपट काढला आणि तो तीन हजारांवर सिनेमागृहांत दाखवला. रेडिओवरूनही सांगितलं गेलं. म्हणजे आज मी करते आहे ते काम तेव्हाही रेडिओने केलं होतं.

आणि इथेच तो प्रश्न आला. यादी करणारा माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, नाव सांगा. पुष्कळ बायांनी नाव सांगितलं नाही. कुणी म्हणालं, अमक्याची बायको. कुणी म्हणालं, तमक्याची आई. परक्या पुरुषाला बाईने स्वतःचं नाव सांगायचं नाही अशी रीत. कारकुनांनी तसंच लिहून घेतलं. सुकुमार सेन यांच्यापुढे या याद्या आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की हे चालणार नाही. मत बायकोला नाही, आईला नाही. मत त्या बाईला आहे. तिचं स्वतःचं नाव हवं. पुन्हा जाऊन नावं घ्या. मुदत वाढवून दिली. पुष्कळ नावं आली. तरीही देशभरात सुमारे अठ्ठावीस लाख बायांनी नाव सांगितलं नाही, आणि त्यांची नोंद यादीतून काढून टाकावी लागली. यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या, बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांतल्या.

अठ्ठावीस लाख! त्या बायांना कुणी मारलं नाही, कुणी अडवलं नाही. फक्त नाव ओठांवर आलं नाही. सेन यांनी हट्ट केला नसता तर कदाचित त्या वेळी त्यांनी मत दिलंही असतं. पण मग पुढची पन्नास वर्षं आपण सगळ्या 'अमक्याची बायको' म्हणूनच यादीत राहिलो असतो. पुढच्या निवडणुकीला, १९५७ साली, परिस्थिती पुष्कळ सुधारली. बायांनी नावं सांगितली.

यादीत आणखी एक गोष्ट होती. जिथे राहता तिथे नाव. त्यामुळे गिरणगावातल्या कित्येक कुटुंबांची दोन ठिकाणी वाटणी झाली. गडी मुंबईला, तर त्याचं नाव परळच्या यादीत. बाई गावाकडे शेत, गुरं, सासू-सासरे सांभाळत, तर तिचं नाव गावच्या यादीत. नवऱ्याने कुणाला मत दिलं हे विचारायला तो जवळ नव्हता. पत्र यायचं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, त्यात काय असलं गुपित लिहिणार? गावातल्या त्या बाईला आपलं मत आपणच ठरवावं लागलं. आज मला वाटतं, त्या पहिल्या निवडणुकीत सगळ्यात मोकळं मत कुणी दिलं असेल तर अशा बायांनी.

मतदान कसं झालं तेही सांगते, कारण तेव्हा आजच्यासारखं मशीन नव्हतं. शिक्का मारायचीही पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचं कणीस आणि विळा, जनसंघाचा दिवा. मतदाराला एक लहान कागद मिळायचा, रुपयाच्या नोटेएवढा. तो घेऊन पडद्यामागे जायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत टाकायचा. बस. वाचता येत नसलं तरी बैल, झाड, हत्ती कुणाला ओळखता येत नाही?

हे कागद छापले गेले आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात. देशभरात वीस लाखांवर पेट्या लागल्या, त्यांतल्या बारा लाखांहून जास्त मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. म्हणजे चिनीसारख्या हिमाचलातल्या बर्फाळ गावातही मुंबईच्या कामगाराच्या हातची पेटी पोचली असेल. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई लावायची. ती तेव्हापासून आजपर्यंत लागते आहे. बायकांसाठी देशभर सत्तावीस हजारांवर वेगळ्या मतदान खोल्या ठेवल्या होत्या, तिथे पडदा पाळणाऱ्या बायकाही येऊ शकल्या.

मतदान २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झालं आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललं. मुंबईची पाळी आली जानेवारी १९५२ मध्ये.

आता गिरणगावातल्या लढतीकडे येऊ. परळ-दादरचा भाग तेव्हा 'मुंबई शहर उत्तर' या लोकसभा मतदारसंघात होता. तिथून उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परळच्या बी.आय.टी. चाळीत ते कितीतरी वर्षं राहिले होते, पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून तिथे राहायला गेले. म्हणजे घरचाच माणूस. ज्या घटनेमुळे सगळ्यांना मत मिळालं, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष.

आपण बायांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री होते. त्यांनी हिंदू कोड बिल आणलं होतं. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा, नवऱ्याला एकच बायको, नांदणं अशक्य झालं तर घटस्फोट, हे त्या बिलात होतं. संसदेत त्याला फार विरोध झाला आणि ते बाजूला पडलं. या आणि आणखी काही कारणांसाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. म्हणजे बायकांच्या हक्काच्या कायद्यावरून मंत्रिपद सोडलेला माणूस तीन-चार महिन्यांनी परळ-दादरच्या बायकांपुढे मत मागायला उभा होता.

मग निकाल काय लागला? बाबासाहेब हरले.

कसे हरले हे नीट समजून घेऊ, कारण त्यातला हिशोब आपल्याही कामाचा आहे. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन मतं दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची, दोन्ही एकाच पेटीत टाकली तर त्यातलं एक बाद. बाबासाहेबांची समाजवाद्यांशी युती होती. समाजवाद्यांचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी, बाबासाहेब राखीव जागेसाठी. काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि नारायण काजरोळकर. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगेही उभे होते.

विठ्ठल गांधी आणि काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक साडेचौदा हजारांचा. आणि बाद झालेली मतं किती? चौऱ्याहत्तर हजारांवर! म्हणजे हरण्या-जिंकण्यातला जो फरक, त्याच्या पाचपट मतं वाया गेली. याला आपल्याकडे शब्द आहे, मत कुजवणं. आपल्या माणसाला एक मत द्यायचं आणि दुसरं कुणालाच मिळू नये म्हणून तेही त्याच पेटीत टाकायचं. काही जणांना पद्धत कळली नसेल म्हणून मतं बाद झाली असतील. पण असं मत कुजवायला लोकांना मुद्दाम सांगितलं गेलं, असा आरोप बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जात केला. तो अर्ज फेटाळला गेला. निकाल कायम राहिला.

मैत्रिणींनो, मी या ठिकाणी नेहमी थांबते. मनाला लागतं. ज्याने सगळ्यांच्या हातात मत दिलं, त्यालाच ते मिळालं नाही. पण दुसरी बाजूही पहा. निकाल पटला नाही म्हणून कुणी पेट्या फोडल्या नाहीत. बाबासाहेब कायद्याच्या वाटेने गेले, अर्ज केला, तो फेटाळला तर पुढच्या कामाला लागले. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तिथेही हरले. गेल्या काही वर्षांत आपण पाहतो, जगात किती देश युद्धानंतर निवडणूक घेतात आणि हरलेला गट पुन्हा बंदूक उचलतो. आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीत इतकी मोठी माणसं हरली आणि देश शांत राहिला. हरणाऱ्यानेही लोकशाही राखली, हे आपण विसरू नये.

हरलेले एकटे बाबासाहेब नव्हते. मुंबई राज्याचे बलाढ्य मंत्री मोरारजी देसाई विधानसभेला अवघ्या एकोणीस मतांनी हरले. एकोणीस! एका वाडीतल्या बाया त्या दिवशी कापणीला गेल्या असतील, तेवढीच मतं. पुढची पाच वर्षं गेली, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली, आणि १९५७ साली गिरणगावाने निकाल फिरवला. त्या वेळी मुंबई शहर मध्य मतदारसंघातून डांगे निवडून आले. मत एकदा देऊन संपत नाही. पाच वर्षांनी ते पुन्हा तुमच्या हातात येतं.

आणि हिंदू कोड बिलाचं काय झालं? ते एकदम झालं नाही, तुकड्या-तुकड्याने झालं. १९५५ मध्ये विवाहाचा कायदा, १९५६ मध्ये वारसाहक्काचा. पहिल्या निवडणुकीतून आलेल्या लोकसभेनेच ते केले. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचं निधन झालं आणि दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तोवर हे कायदे झाले होते. आज तुमच्या माहेरच्या सातबारावर तुमचं नाव लागू शकतं, त्याची सुरुवात तिथे आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने ते आणखी पक्कं केलं, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पुन्हा नावच! सातबारावर नाव, मतदार यादीत नाव.

पहिल्या लोकसभेत बायका फार थोड्या होत्या, शंभरात पाचसुद्धा नाहीत. पण त्यांत आपल्या भागातल्या होत्या. मुंबई उपनगरातून जयश्री रायजी, पुण्यातून इंदिराबाई मायदेव, नागपुरातून अनसूयाबाई काळे. आणि ज्या परळ महिला संघाच्या कमल दोंदे १९४६ साली गोळीला बळी पडल्या, त्याच संघात घडलेल्या अहिल्या रांगणेकर १९७७ साली मुंबईतून खासदार झाल्या. रेशनच्या रांगेतून लोकसभेपर्यंत जायला एकतीस वर्षं लागली. पण वाट तीच.

आता आपल्या गावात या. कुणाला मत द्यायचं ते मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्हाला कळतं. मी तीन कामं सांगते.

पहिलं काम, यादीत नाव पहा. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं बऱ्याचदा माहेरच्याच यादीत राहतात. मतदानाच्या दिवशी माहेरी जायला कोण सोडतं? मग मत गेलं. नवीन नाव घालायचं तर नमुना ६, आणि पत्ता बदलायचा किंवा नाव दुरुस्त करायचं तर नमुना ८. आपल्या केंद्राच्या बीएलओकडे, तहसीलमध्ये किंवा मोबाईलवर भरता येतो. हल्ली वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख. मुलगी या तारखेला अठरा पूर्ण झाली की नाव घालता येतं. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच बनते, हे लक्षात ठेवा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

दुसरं काम, नाव बरोबर आहे का पहा. 'मंदा' आहे की 'मंदाकिनी', आधारवर काय, यादीत काय. अमक्याची बायको म्हणून आता कुणी लिहीत नाही, पण चुकीचं नाव हेही न सांगितलेल्या नावासारखंच. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं, असा आपल्या राज्याने नियम केला आहे. मुलाच्या नावापुढे तुमचं नाव येणार असेल, तर तुमच्या स्वतःच्या कागदावर ते नीट नको का?

तिसरं काम, मत कुजवू नका. ग्रामपंचायतीला एका प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात, शिवाय सरपंचाचं वेगळं मत. जितक्या जागा तितकी मतं. त्यांत राखीव जागा असतात, बायकांच्या असतात. कितीतरी जणी आपल्या ओळखीच्या माणसाचं एक बटण दाबतात आणि बाहेर येतात. बाकीच्या जागांवर कोण येतं ते मग दुसरेच ठरवतात, आणि बऱ्याच वेळा ती जागा बाईचीच असते. गटाच्या बैठकीत एकदा कागदावर चौकोन काढून सगळ्यांना पद्धत समजावून सांगा. १९५२ साली सिनेमा दाखवून सांगितलं होतं, आपल्याला एक खडू नि फळी पुरते.

त्या थोरल्या घरच्या आजींचं नाव मी मुद्दाम सांगितलं नाही. ते त्यांनी स्वतः सांगायचं. पण त्या बैठकीनंतर त्यांनी नातसुनेला मतदार यादी काढायला लावली. नाव सापडलं. आजींनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही मी."

तुमच्या गटात यादी काढा, मैत्रिणींनो. प्रत्येकीने आपापल्या नावावर बोट ठेवा. पुन्हा भेटू. नमस्कार.